भरतीपर्यंतचा नवस

पहाटेचे सहा वाजलेत. मागचा पडदा धुक्याचा आहे. डाव्या अंगाला जव्हारचा एसटी डेपो, तिथे नाशिकची गाडी घुरघुरत उभी. उजव्या अंगाला शिरपामाळाकडे जाणारा रस्ता. रंगमंच रिकामा. मग पावलांचा आवाज येतो, तीन जोड्यांचा, आणि धुकं बाजूला सारून तीन मुली पळत पुढे येतात. सगळ्यांत पुढे आहे ती उंच, सावळी, ओठ मिटून नाकाने श्वास घेणारी. माझ्या ओट्यासमोर आली की ती एक हात वर करते आणि थांबत नाही. ती चैती.

मी पस्तीस वर्षं गावोगाव नाटकांतून कामं केली. टाळ्या घेणारे प्रवेश पाहिले, एखाददुसरा स्वतःही घेतला. पण चहाचा कप हातात धरून रोज पहाटे मी हा जो प्रवेश पाहत असे, तो मला कधी शिळा वाटला नाही. आता त्या रस्त्यावर दुसऱ्या मुली पळतात. मी चहा आत बसून पिते.

चैती गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्याबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांतल्या दोन चुकीच्या. म्हणून मी हे लिहिते आहे.

माझ्या घरामागची खोली मी मुलींना भाड्याने देते. त्या वर्षी तिथे या तिघी होत्या, पोलीस भरतीच्या तयारीला आलेल्या. पहाटे पळायचं, दुपारी गोळा फेकायचा, संध्याकाळी अभ्यासिकेत गणितं सोडवायची. चैती मोखाड्याच्या अलीकडच्या एका पाड्यावरची. बाप सोम्या, आई लाडकी, डोंगराच्या उतारावर भात आणि नागली. पोशी वावर गावाकडची, बुटकी आणि चपळ. तिच्या घरी वीतभर जमीन नव्हती, आईबाप मिळेल त्या मजुरीला जात. तिच्या जमातीच्या लोकांच्या हातचं खायला वरच्या पाड्यांतले काही म्हातारे अजून कां-कूं करतात, हे इथे राहून मलाही कळलं होतं. तिसरी प्रमिला. ती जव्हारजवळचीच, जीभ तिखट आणि मन लोण्याचं.

खोलीत एक शेगडी होती आणि एक मोठं ॲल्युमिनियमचं ताट. ते मधे ठेवायचं आणि तिघींनी तीन बाजूंनी सुरुवात करायची, असा त्यांचा रिवाज. पहिल्या आठवड्यात मी पाहिलं, पोशीने तव्यावर सुकट भाजायला घेतली की चैती खोलीबाहेर येऊन माझ्या पेरूखाली उभी राहते. तिसऱ्या वेळी मी विचारलं.

तिने पाकिटातून एक चार घड्यांचा कागद काढला. डॉक्टरचा. लहानपणापासून खेकडा, सुकट, जवळा यांतलं काही खाल्लं की तिचे ओठ सुजायचे, अंगावर गांध्या उठायच्या. आई म्हणायची पित्त आहे, कोकम चोळायची. मग आदल्या वर्षी परगावच्या एका लग्नात खेकड्याचा रस्सा खाल्ला आणि तिचा श्वास कोंडला. दवाखान्यात इंजेक्शन दिलं तेव्हा सुटला; घरी मात्र तिने पित्तच झालं म्हणून सांगितलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने तिला समोर बसवून सांगितलं होतं, पोरी, पुढच्या वेळी गळा आतून सुजेल, एक घाससुद्धा घेऊ नकोस. कागदावर ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द त्याने मराठीत लिहिला होता आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"मग हे पोरींना दाखव की," मी म्हटलं.

"दाखवलं बाई."

"आणि?"

"हसल्या."

कशा हसल्या ते मी पुढे स्वतः ऐकलं. भिंत पातळ आहे.

"अ‍ॅलर्जी सीरियलमधल्या पोरींना होते गे," प्रमिला म्हणत होती. "तू मोखाड्याची. तुला जंत होतील फार तर."

"आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत मारायचेत आणि खेकडा नको म्हणते! ताकद कशानं येणार, पेरूनं?" ही पोशी. मग तिचा आवाज बदलला. "आमच्याकडं पोरं खायला नाय म्हणून मेली. खाऊन कुणी मेलेलं ऐकलं नाय मी."

मग चैतीच्या पाकिटाची चेन ओढल्याचा आवाज आला.

तिने वेगळी ताटली आणली तेव्हा खरी ठिणगी पडली. एका संध्याकाळी पोशी ताट उचलून माझ्या ओट्यावर येऊन बसली, पाठमोरी. चैती तिच्या मागे आली.

"पोशे, चल ना जेवायला."

"जेव तू तुझ्या ताटलीत. माझ्या हातचं चालत नाय तुला, सरळ बोल ना. कागद कशाला दाखवते डॉक्टरचा? तुमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या कागद तरी नाय दाखवत, तोंडावर सांगतात."

"तसं नाय गे. देवाशपथ नाय."

"मग खा."

चैतीने त्या दिवशी त्या ताटातली भाकरी खाल्ली, सुकटीच्या चटणीला टेकलेली नव्हती ती बाजू बघून. तरी रात्रीतून तिचे डोळे सुजून बंद झाले. गोळी घेऊन ती पहाटे तशीच पळाली, चाचपडत, एका हाताने पोशीच्या टी-शर्टचं टोक धरून. पोशी तिला सांगत होती, खड्डा आहे, दगड आहे, आता सरळ. सूज कशाची आहे ते पोशीला सांगितलं गेलं नाही. तिला वाटलं डोळे आलेत.

त्यानंतर चार दिवसांनी चैती माझ्याकडे आली, टवटवीत चेहऱ्याने.

"बाई, सुटलं कोडं. मी त्यांना सांगितलं, मी हिरव्या देवाला नवस बोललेय. खेकडा, सुकट, जवळा, सगळं सोडलंय."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"प्रमिलेनं कानाला हात लावला. म्हणे, आधी नाय का सांगायचं, पाप लागलं असतं आम्हाला."

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. केवढी हुशार पोर! डॉक्टरच्या दोन रेघांना जे जमलं नाही ते देवाच्या एका नावाने झालं. एवढंच विचारलं, "किती दिवसांसाठी सोडलं म्हणालीस?"

"भरती होईपर्यंत. नवसाला मुदत लागते ना बाई. मुदत नसली तर कोण खरं मानंल?"

"आणि भरती झालीस तर?"

"मग मी ठाण्याला. तिकडं कोण विचारतंय काय खाल्लं."

दोघी हसलो. मी जुन्या नाटकवाल्यांच्या सवयीने म्हटलं, वाक्य छान आहे, पण दुसऱ्या अंकात सांभाळावं लागेल. तिला ते कळलं नाही, आणि मलाही त्या वेळी कळलं होतं असं मी म्हणणार नाही.

पुढचं वर्ष सोन्यासारखं गेलं. चैतीचं भांडं वेगळं झालं, पण आता मानाने. पोशी ते स्वतः राखेने घासायची आणि प्रमिलेला हात लावू द्यायची नाही. आणि मग एके दिवशी पोशीने सुकटीची पिशवी आणून माझ्या शेजारणीला देऊन टाकली.

"आजपासून मी पण सोडलं," ती म्हणाली.

"तू कशाला गे?" चैतीचा चेहरा उतरला होता.

"एकीच्या नवसाला देव कान देतो, दोघींच्या नवसाला उठून बसतो, असं माझी आयस म्हणते. तुझ्या भरतीसाठी सोडलं. तू खाशील त्या दिवशी मी खाईन, तुझ्या मागून."

"तुझ्या स्वतःच्या भरतीसाठी सोड की, येडे."

"माझं बघू. तुझं आधी. तू पळते चांगली."

हे कोण बोलत होतं ते समजून घ्या. पोशी म्हणजे ओढ्यात हात घालून दगडाखालचा खेकडा नांगी चुकवून उचलणारी मुलगी. पावसाळ्यात तिच्या घरी दुसरं कालवण नसे. वर्षभर तिने तोंडाला लावला नाही. घरी गेली की मीठ-मिरचीशी भाकरी खायची. आई चिडायची, तर सांगायची, चैतीला वर्दी मिळू दे, मग बघ कशी खाते.

चैती मला म्हणायची, "बाई, सांगते मी तिला. खरं काय ते सांगते." रविवारी सांगायचं ठरायचं. रविवारी पोशी म्हणायची, आज अडीच किलोमीटर जास्त मारू, आणि राहून जायचं. मग मैदानी परीक्षा आली. मग लेखी. मग निकाल.

यादीत चैतीचं नाव होतं. पोशी तीन गुणांनी मागे राहिली. प्रमिलेचं नाव कुठेच नव्हतं, पण सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडली. पोशीने चैतीला उचलून माझ्या अंगणात गरागरा फिरवलं, बुटक्या पोरीने त्या उंच पोरीला. मग ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवशी चैतीने सांगायला हवं होतं असं आज कुणीही म्हणेल. मी तिचं तोंड पाहत होते. तीन गुणांनी हरलेल्या मैत्रिणीला, तुझं वर्षभराचं व्रत खोट्यावर उभं होतं, हे सांगायला कुठल्या तोंडाने जायचं?

भाद्रपद चालू होता. नवसाचं पोरींकडून पाड्यावर कळलंच होतं. सोम्याचा निरोप आला: रविवारी पाड्यावर चैतीचा नवस सोडवायचा, बाईंनी यायचंच. त्यांच्या पाड्याची रीत अशी की जे सोडलं ते आधी देवापुढे ठेवायचं, मग नवस बोललेल्या माणसाने त्याचा पहिला घास सगळ्यांसमोर खायचा, त्यानंतर बाकीच्यांनी. घास खाल्ला नाही तर नवस अडकून राहतो आणि मागितलेलं परत जातं. हे सगळं चैतीलाही माहीत होतं. लहानपणापासून ती ते पाहत आली होती. मुदत घालताना तिला ते आठवलं नव्हतं एवढंच.

मी आणि प्रमिला दुपारी पोचलो. अंगण सारवलेलं, पन्नासेक माणसं. पाड्याचे भगत काळ्याबाबा देवाच्या खांबापाशी बसलेले. आणि घराच्या पडवीत, चुलीपुढे, घामाने निथळत पोशी. पहाटे आपल्या ओढ्यात उतरून तिने खेकडे धरले होते, बापाच्या सायकलवर आणि मग जीपने ते घेऊन ती आली होती. खेकड्यांचे बारीक पाय पाट्यावर वाटून, रस गाळून, रस्सा तिने स्वतः केला होता. लाडकीने तिला आपली चूल दिली होती. अंगणातल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या कानाला लागत होत्या.

"रांधलं कोणी म्हणे?"

"ती वावरची. खाती का सोम्याची पोर, बघू आता."

हे पोशीनेही ऐकलं. तिने वर पाहिलं नाही. पळी जोरात ढवळली.

चैती मला दाराआड भेटली. नवं लुगडं नेसवलं होतं तिला, गुलाबी. ओठ कोरडे.

"चैते, मी सांगते सगळ्यांना," मी म्हटलं. "मी म्हातारी, मला कोण काय म्हणणार?"

"नको बाई. बाबांनी पाडा बोलावलाय. देवाच्या नावानं खोटं बोलली म्हणतील. ते पण जाऊ द्या. पोशीचं काय?" तिने माझा हात दाबला. "दोन गोळ्या घेतल्यात आधीच. नखाएवढा घास घेते. मागं सुटलाच होता ना श्वास."

मला कळायला हवं होतं की गोळी तेवढी पुरणार नाही. मला ते माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

काळ्याबाबांनी देवापुढे वाटी ठेवली, तांदूळ टाकले, पुटपुटले. मग पोशी वाटी घेऊन उभी राहिली. तिने नागलीच्या भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, वर खेकड्याचं पांढरं मांस ठेवलं. सगळ्यांत चांगलं, नांगीतलं.

"खा गे पोलीसबाई," ती म्हणाली. हसत होती. म्हाताऱ्या पुढे सरकल्या होत्या.

मी उठायला लागले. चैतीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी. रंगमंचावर समोरच्या नटाने असं पाहिलं की आपण बोलायचं नसतं. मी बसले. या बसण्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडत नाही.

चैतीने घास खाल्ला. नखाएवढा नव्हता, पोशीने भरवलेला पूर्ण घास होता. चावून गिळला. एवढंच नाही तर मोठ्याने, त्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "असा रस्सा आमच्या आयसला पण नाय जमत." अंगण हसलं. लाडकी पदर तोंडाला लावून हसली. पोशीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी उभ्या आयुष्यात कुठल्या नटीच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. मग ती बाकीच्यांना वाढायला वळली. आपल्या वाट्याचं तिने मागे ठेवलं होतं, सगळ्यांचं झाल्यावर खायला.

पाच मिनिटं. दहा असतील. चैती तळहात खाजवायला लागली. मग मान. पाणी मागितलं आणि ते तिला गिळता आलं नाही. आवाज घोगरा झाला. कुणी म्हणालं देव अंगात येतोय, आणि दोघीजणी हात जोडून पुढे झाल्या. तेव्हा मी ओरडले. पस्तीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेल्या आवाजात ओरडले की देव नाही, हा खेकडा आहे, हिला खेकडा चालत नाही, गाडी काढा.

पाहुण्यांना घेऊन आलेली जीप उभीच होती. चैतीला मागे आडवी घातली, डोकं पोशीच्या मांडीवर, पायाशी मी, पुढे सोम्या. दवाखाना पाऊण तासावर. रस्त्यात मी पोशीला सगळं सांगितलं, कागद, दोन रेघा, सुजलेले डोळे. सांगायची ती वेळ नव्हती. पण ती सारखी विचारत होती, "काय झालं गे, काय झालं हिला?" आणि चैतीला उत्तर देण्याएवढा श्वास पुरत नव्हता.

दवाखान्यातल्यांनी शिकस्त केली. आम्ही पोचलो तेव्हाच उशीर झाला होता.

महिन्याने मी पाड्यावर गेले. काळ्याबाबा खांबापाशीच बसले होते. त्यांनी मला बसायला घोंगडी सरकवली. मग म्हणाले, "मना येऊन सांगायचं होतं पोरीनं. मी म्हटलं असतं, देव म्हणतो घास नको, नुसता वास दे. देवाला काय, त्याला समजतं. माणसांसाठीच तर असतो तो." सोम्याने मला निघताना नागली बांधून दिली. लाडकी बाहेर आली नाही.

पोशीला कुणी दोष दिला नाही, लाडकीनेही नाही, आणि मला वाटतं तेच तिला सोसवत नाही. यंदाच्या भरतीचा अर्ज तिने भरला नाही. आईबापाबरोबर कामावर जाते. एकदा बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली, खोलीकडे पाहिलं, आणि चहा न घेता गेली.

लोक विचारतात, शेवटी काय बोलली चैती? प्रमिला सांगते, आईचं नाव घेतलं. प्रमिला स्वतः जीपमध्ये नव्हती. तिला तसं वाटायला हवंय, वाटू दे. वर्तमानपत्राने लिहिलं की ती बेशुद्धच होती. तसंही नव्हतं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर पोशी रडत तिचा चेहरा कुरवाळत होती, ओठ पुसत होती. तिच्या बोटांना रस्सा तसाच होता, वाळून पिवळा झालेला, आणि ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. चैतीच्या आलं. तिने तो हात धरून हळूच बाजूला केला. माझ्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. आणि फुटक्या आवाजात, पण शब्द नीट कळतील असं म्हणाली:

"पोशे, आधी हात धू. मग धर मना."